अण्णांची जीप आणि गोणपाटातलं लोखंड

पत्र

नमस्कार. आम्ही फलटण तालुक्यात राहतो. आमच्या घरी १९६७ सालची महिंद्राची पेट्रोल जीप आहे, सीजे-३बी, उंच बॉनेटची. घेतली आजोबांनी, पण चालवली आमच्या वडिलांनी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दर आषाढीला आमच्या दिंडीचं सामान लोणंदपासून नातेपुत्यापर्यंत याच जीपमधून जायचं. १९८४ साली पेट्रोल परवडेना म्हणून तिला डिझेल इंजिन बसवलं. मूळ इंजिन अण्णांनी विकलं नाही. ग्रीस चोपडून, ताडपत्रीत गुंडाळून, गोठ्याच्या कोपऱ्यात फळ्यांवर ठेवलं. गेल्या वर्षी ते बारामतीला रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून नव्याने कातून, आणलं आणि आता बसवायची वेळ आली आहे.

इंजिनासोबत एक गोणपाट निघालं. त्यात तीन फाउंडेशन रबर (इंजिन ज्यांवर टेकतं ते), जाड वायसर, नट-बोल्ट, एक विणलेली तांब्याची पट्टी आणि एक जाड तारेची केबल आहे. मिस्त्री म्हणतात, हे सगळं भंगारात द्या. डिझेलसाठी वेल्डिंग केलेले ब्रॅकेट चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, आहेतच. पेट्रोल इंजिनाच्या पुढच्या प्लेटचे कान कापून इंजिन त्यांच्यावरच बसवतो, मध्ये येणारे कंपनीचे ब्रॅकेट गॅसने उडवतो आणि रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे (प्लास्टिकच्या जातीचे) बुश टाकतो, परत बघायला नको. अण्णा म्हणतात, कंपनीचं वायसरसुद्धा बदलायचं नाही, रबरही तेच लागतील. या वादात काम दोन महिने थांबलंय. अण्णा आता ऐंशीला टेकलेत. दिंडी विसाव्याला थांबली की इंजिन चालू असतानाच जीपच्या सपाट मडगार्डवर ते चहाचा कप ठेवायचे आणि थेंबही सांडायचा नाही, हे ते आम्हाला अजून सांगतात. आम्ही कोणाचं ऐकावं?

एक वाचक, फलटण

उत्तर

ताई, सगळ्यात आधी मिस्त्रींना फोन करा आणि गॅसची टाकी त्या जीपजवळ आणायची नाही एवढं सांगा. बाकीचं सावकाश वाचा.

तुमच्या घरातला वाद मी गॅरेजांमधून खूप वेळा ऐकला आहे. एक जण म्हणतो सगळं टाका, दुसरा म्हणतो काहीच टाकू नका. दोघंही गोणपाटातल्या वस्तूंना एकाच मापाने मोजतात. त्या वस्तू दोन जातीच्या आहेत. रबर झिजण्यासाठीच बनवलेलं असतं. ते कंपनीने लावलं तेव्हाही एक दिवस काढून टाकायचं म्हणूनच लावलं होतं. लोखंडाचं तसं नाही. चासीवरचे ब्रॅकेट, इंजिनाची पुढची प्लेट, तिचे कान आणि त्या कानांची भोकं यांच्यामुळे इंजिन चासीत नेमकं कुठे आणि किती उंचीवर बसायचं ते ठरतं. ती जागा एकदा कापली की परत आणणं फार अवघड जातं. म्हणून माझं मत असं: लोखंड सगळं मूळचंच वापरा, रबर तिन्ही नवीन घाला. अण्णांचं म्हणणं लोखंडाबाबत शंभर टक्के बरोबर आहे, रबराबाबत नाही. मिस्त्रींचं उलट. जुने रबर काढायचे हे ते बरोबर सांगतात, पण त्यांच्या जागी काय घालायचं तिथे आणि कापाकापीत चुकतात.

आता कारणं सांगतो, कारण घरात दोघांना पटवायचं काम तुमच्याकडेच येणार आहे.

तुमच्या जीपचं इंजिन म्हणजे विलिस या अमेरिकन कंपनीचं 'हरिकेन'. चार सिलिंडर, साधारण २.२ लिटर. त्याचा हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकच्या कडेला असतो. या रचनेमुळे इंजिन उंच झालं आणि ते झाकायला विलिसने १९५३ साली बॉनेट वर उचललं. आपल्याकडची उंच बॉनेटची जीप ती हीच. मुंबईत माझगावला १९४९ साली महिंद्राने विलिसच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे हे मॉडेल आपल्या रस्त्यांवर इतकं रुळलं की कित्येकांना ते परदेशी होतं हेच आठवत नाही.

चार सिलिंडरचं इंजिन स्वस्थ बसणारं नसतं. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालू असतं तेव्हा, मिनिटाला ६०० फेरे धरले तर सेकंदाला दहा, आणि दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात. म्हणजे सेकंदाला वीस धक्के. हे धक्के चासीत, मडगार्डात, स्टिअरिंगमध्ये जाऊ नयेत म्हणून मध्ये रबर. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात इंजिन सरळ चासीला आवळलेलं असायचं आणि चार सिलिंडरची गाडी म्हणजे हाडं खिळखिळी करणारी, अशी तिची ख्याती होती. १९३१ साली अमेरिकेत प्लिमथने रबरावर 'तरंगणारं' इंजिन मोठ्या थाटात जाहिरातीत मिरवलं, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने ती पद्धत परवाना घेऊन उचलली. अण्णांचा कप मडगार्डवर टिकायचा त्यामागे ही सगळी परंपरा आहे. इंजिन चांगलं होतंच, पण कप टिकवायचे ते रबर.

अण्णांना तेच रबर हवेत ते याच आठवणीपोटी, आणि नेमकं म्हणूनच ते चालणार नाहीत. गोणपाटातला एक रबर घ्या, फडक्याने पुसा आणि अण्णांसमोर उन्हात धरा. अंगठ्याचं नख त्यात रुतवून बघा. नवीन फाउंडेशन रबर नखाने थोडा दबतो आणि लगेच परत येतो. तुमच्याकडचा दबणार नाही, दगडासारखा लागेल. मग कडेला बघा. रबर जिथे लोखंडी पत्र्याला चिकटलेला आहे त्या रेघेत पातळ स्क्रूड्रायव्हरचं टोक सरकवून पाहा. केसाएवढी फट मिळाली तरी त्याचं काम संपलेलं आहे. गाडीला लावलेला नसला तरी रबर हवेने, उष्णतेने आणि तेलाच्या वासानेसुद्धा म्हातारा होत राहतो. नैसर्गिक रबर तेलाने फुगतो, हवेतल्या ओझोनने त्याला बारीक चिरा पडतात आणि वर्षांनुवर्षांत तो कडक होतो. गोठ्यातल्या चाळीस वर्षांनी त्याला सोडलेलं नसणार.

याच कारणासाठी आणखी एक सांगून ठेवतो. 'कंपनीचा जुना स्टॉक, डब्यातून कधी बाहेरच काढलेला नाही' म्हणून कोणी तुम्हाला पन्नास वर्षांपूर्वीचे रबर चढ्या भावाने विकायला आला तर घेऊ नका. नट-बोल्ट, प्लेट, ब्रॅकेट असे जुन्या डब्यातले मिळाले तर सोनं. रबर मात्र डब्यातही तेवढाच म्हातारा होतो. या जीपचे फाउंडेशन रबर आजही नव्याने बनतात आणि मिळतात. घेताना जुना शेजारी ठेवून उंची, स्टडची (रबरातून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांडीची) जाडी आणि दोन स्टडमधलं अंतर कॅलिपरने जुळवून घ्या. म्हणून जुने रबर फेकूही नका. ते तुमचं माप आहेत. काम झाल्यावर कुठला उजवा, कुठला डावा, कुठला मागचा अशी चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. अण्णांना त्यांचे रबर घरात राहिल्याचं समाधानही मिळेल आणि ते गाडीखाली नसतील.

पॉलियुरेथेनचं बघू. मिस्त्रींचा हेतू वाईट नाही. त्यांना काम परत यायला नको आहे. इंजिनाच्या रबराचा कडकपणा साधारणपणे शोअर ए मापावर (आकडा मोठा तेवढं कडक) ४५ ते ६० च्या आसपास असतो. बाजारातले पॉलियुरेथेनचे बुश सत्तरीच्या पुढे, कित्येक तर नव्वदीपर्यंत. शर्यतीच्या गाडीत इंजिन जराही हलू नये म्हणून ते घालतात आणि तिथे ते योग्यच. तुमच्या जीपला त्याने दोन दुखणी लागतील. पहिलं म्हणजे ते वीस धक्के सरळ चासीत जातील. रेडिएटरचे झाळलेले सांधे, हेडलाइटचे स्क्रू, मडगार्डाच्या जोडावरचे वेल्ड हे सगळं हळूहळू खिळखिळं होत जाईल. दुसरं जास्त गंभीर आहे. जीपची चासी शिडीसारखी असते आणि ती पिळवटते. बांधावरून एक चाक वर गेलं की उजवी आणि डावी बाजू वेगळ्या पातळीवर जाते. गाडी अशीच बनवलेली आहे. मऊ रबर असला तर चासी पिळवटते आणि इंजिन आपल्या जागी राहतं. कडक बुश असला तर तो पीळ इंजिनाच्या प्लेटवर आणि बेलहाउसिंगवर, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचावर, येतो. मग एखाद दिवशी कान तुटतो. रबर शे-पाचशे रुपयांचा असेल नाहीतर दोन हजारांचा, बेलहाउसिंगच्या किमतीपुढे तो नेहमीच स्वस्त.

आता त्या प्लेटच्या कानांबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. हरिकेनची पुढची प्लेट म्हणजे बाहेरून लावलेली पट्टी समजू नका. ती ब्लॉक आणि टायमिंगच्या गिअरवरचं झाकण यांच्यामध्ये बसलेली असते. तिचे कान दोन्ही बाजूंना बाहेर येतात आणि रबरावर टेकतात. ते कान कापून पुढेमागे कोणाला मूळचं करावंसं वाटलं तर नवीन प्लेट घालायला टायमिंगचं सगळं उघडावं लागेल. आत्ताच रिबोअर करून, सील घालून आणलेलं इंजिन परत खोलायचं! एका दुपारच्या कापाकापीसाठी हा भुर्दंड कोणाला हवाय? आणि ज्यांनी १९८४ साली डिझेल बसवलं त्या मिस्त्रींनी कंपनीचे ब्रॅकेट न कापता नवीन बाजूला वेल्ड केले, याबद्दल त्यांना मनापासून नमस्कार. त्या काळात असं जपून काम करणारे फार थोडे होते. बहुतेक जीपच्या चासीवर तेव्हा गॅसने केलेल्या जखमा अजून दिसतात.

मूळचं लोखंड वापरायचं म्हणजे डोळे मिटून वापरायचं असं मात्र नाही. चासीवरचे दोन्ही ब्रॅकेट तारेच्या ब्रशने लखलखीत करा आणि एक जुनी युक्ती करा. ब्रॅकेटच्या कोपऱ्यांवर आणि वेल्डच्या कडेला रॉकेल लावा, रॉकेल नसेल तर डिझेलही चालेल. पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि वर शाळेतला पांढरा खडू घासा. जिथे चीर असेल तिथे आत शिरलेलं तेल परत बाहेर येतं आणि खडूवर केसासारखी काळी रेघ उमटते. मी आयुष्यात जेवढ्या चिरा पकडल्या त्यातल्या निम्म्या खडूने. पैसे खर्च करायचे असतील तर लाल रंगाचं डाय आणि पांढरं डेव्हलपर मिळतं, ते अधिक बारीक चीर दाखवतं. चीर निघालीच तर ब्रॅकेट पोलादी पत्र्याचा आहे, चांगला वेल्डर तो भरून देतो. भोक लांबट झालं असेल तर वेल्डने भरून टर्नरकडून पुन्हा मापात पाडून घ्या. अशी दुरुस्ती म्हणजे मूळ भाग टिकवणंच आहे, त्यात अण्णांनी वाईट वाटून घेऊ नये.

नट-बोल्टांचंही तसंच. या गाडीचे आटे इंचाचे आणि बारीक आहेत. जुना बोल्ट गंजून गेला तर नवीन घ्या, पण इंचाचाच घ्या. 'जवळपासच आहे' म्हणून एमएमचा बोल्ट पाना लावून घुसवला की ब्रॅकेटचे आटे जातात.

गोणपाटातल्या ज्या दोन वस्तूंकडे तुमच्या पत्रात फारसं कोणाचं लक्ष दिसत नाही, त्यांच्याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे.

ती जाड तारेची केबल म्हणजे इंजिनाची स्टे केबल. एक टोक गिअरबॉक्सखालच्या आडव्या क्रॉसमेंबरला, दुसरं इंजिनाच्या मागच्या बाजूला. रबर मऊ असल्यामुळे जोरात ब्रेक मारला किंवा क्लच दाबला की इंजिन पुढे सरकू पाहतं. ही केबल त्याला धरून ठेवते. बस्स, एवढंच तिचं काम. पण ते ज्यांना माहीत नाही ते तिला हँडब्रेकची जुनी केबल समजून फेकतात. माझ्या बाबतीत हे घडलेलं आहे. १९९१ साली आमच्या घरच्या जीपचं इंजिन उतरवून परत बसवलं होतं, आणि गॅरेजमधून गाडी आणताना एक केबल उरली म्हणून त्यांनी पिशवीत घालून दिली. मी ती पिशवी घरी कुठेतरी टाकली. पंधरा दिवसांनी वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात वळणावर समोरून एसटी आली, मी ब्रेक आणि क्लच दोन्ही एकदम दाबले आणि पुढून पत्रा कापल्यासारखा कर्रकन आवाज आला. इंजिन पुढे गेलं आणि पंख्याने रेडिएटरची जाळी खरवडली. खाली उतरलो तेव्हा हिरवं पाणी डांबरावरून उताराला वाहत होतं. गाडीत आई होती. कोणाला काही झालं नाही, पण ती दगडावर बसून तास-दीड तास माझ्याकडे बघत होती ते मी विसरलेलो नाही. म्हणून तुमच्या गोणपाटात केबल आहे हे वाचून मला फार बरं वाटलं. तार कुठे तुटलेली नाही, टोकाचे आटे शाबूत आहेत हे बघा आणि ती लावाच. लावताना नट एवढाच आवळा की केबलमधली ढील जाईल. ताणून आवळली तर ती रबरालाच एका बाजूला ओढून ठेवेल.

विणलेली तांब्याची पट्टी म्हणजे अर्थिंग. इंजिन रबरावर बसलं म्हणजे विजेच्या दृष्टीने चासीपासून तुटलं. स्टार्टरचा सगळा करंट परत जायला चांगला रस्ता हवा, तो ही पट्टी देते. ती नसली तर करंट जिथून वाट मिळेल तिथून जातो: चोकच्या तारेतून, ॲक्सिलरेटरच्या लिंकेजमधून. मग स्टार्टर आळसावतो, चोकची तार गरम होते, आणि लोक बॅटरी बदलत बसतात. पट्टी जिथे बसते तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा. नवा रंग मारलेल्या जुन्या गाड्यांमध्ये ही चूक हमखास असते.

बसवताना तिन्ही रबर एकदमच नवीन घाला. दोन नवीन आणि एक जुना असं केलं तर इंजिन वाकडं बसतं आणि नवीन रबरही लवकर जातात. मागचा, गिअरबॉक्सखालचा रबर घालण्याआधी गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतून) तेल गळतंय का ते बघा. या जीपना ती खोड असते, आणि रोज तेल टपकत राहिलं तर नवा रबर दोन वर्षांत मऊ लगदा होतो. आधी सील, मग रबर. इंजिन उचलायला जॅक लावणार असाल तर मध्ये जाड लाकडी ठोकळा, आणि जॅक थेट सम्पच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, पत्र्यावर नको. सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा, सायलेन्सरच्या पाइपचा क्लॅम्प सैल ठेवा, म्हणजे पाइप इंजिनाला खेचणार नाही. इंजिन स्वतःच्या वजनाने रबरावर बसू द्या, थोडा वेळ आयडलला चालवा, मग आवळा. पाइपचा क्लॅम्प शेवटी. पंखा आणि रेडिएटरमधलं अंतर सगळीकडून बघा, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या दांड्या कुठे अडत नाहीत ना ते बघा. पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा पाहायचे.

तपासणीची एक रीत सांगतो, पण ती करताना गाडीच्या समोर कोणीही उभं राहायचं नाही, नातवंडांना तर लांबच ठेवा. बॉनेट उघडं, चाकांना पुढेमागे दगड, हँडब्रेक ओढलेला, आणि चालवणाऱ्याचा एक पाय ब्रेकवर घट्ट. पहिला गिअर घालून क्लच अगदी हळू अर्ध्यावर आणायचा. इंजिनाची डावी बाजू उचलायला बघते. रिव्हर्समध्ये उजवी. कडेला उभं राहून बघा: जराशी हालचाल व्हायलाच हवी, ती नाही झाली तर रबर कडक आहे किंवा काहीतरी अडकलंय. बोटभर उचललं तर कुठला तरी बोल्ट सैल आहे किंवा रबर पत्र्यापासून सुटला आहे. पुढे जाताना ओढ डाव्या रबरावर जास्त येते, म्हणून जुन्या सेटमध्येही बहुधा डावाच आधी सुटलेला सापडतो. तुमच्या गोणपाटातला बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसी बुक काढा आणि इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. १९८४ ची डिझेलची नोंद झालेली असेल तर आता पेट्रोलची, इंजिन नंबरसकट, करून घ्यावी लागेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच बदलांबद्दल आहे. इंजिन चासीत उतरवण्याआधीच आरटीओत जाऊन विचारा. दुसरं, जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. म्हणजे मिस्त्रींची गॅस कटिंग तुमच्यासाठी तो दरवाजाच बंद करू शकते. पण घाईने तिकडे जाऊ नका. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. अण्णांना दिंडीमागून परत एकदा तरडगावपर्यंत जायचं असेल तर आहे तीच साधी नोंदणी चालू ठेवा.

राहिले डिझेलचे वेल्ड केलेले ब्रॅकेट. ते आड येत नसतील तर या वर्षी हात लावू नका. आड येत असतील तर ग्राइंडरने, चासीच्या पट्टीपासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडे कापा आणि उरलेलं कानशीने हळूहळू साफ करा. चासीच्या लोखंडाला ओरखडासुद्धा नको. इथेही गॅस नाही.

मिस्त्रींना बदलायची गरज मला दिसत नाही. त्यांना हे सगळं अण्णांच्या शेजारी बसवून सांगा आणि खडूचा प्रयोग त्यांच्याच हातून करून घ्या. ज्या माणसाला काम परत यायला नको असतं तो मुळात कामाची लाज बाळगणारा असतो.

इंजिन बसलं, गरम झालं, आयडल स्थिर झाला की मडगार्डवर कप ठेवायचं काम अण्णांकडे द्या. चहा आधी काठोकाठ नको, अर्धाच. तो सारखा एकाच बाजूला सरकत राहिला तर त्या बाजूचा रबर सैल करून परत बसवा, आणि बसवताना सायलेन्सरचा क्लॅम्प सोडायला विसरू नका.